गल्लीभर ताणा

शाळेतल्या नकाशात आगगाडीची काळी रेघ सोलापुरावरून थेट मुंबईच्या बंदराला जायची. मास्तर छडीने दाखवत, कापूस इकडून जातो आणि कापड तिकडून येतं. त्या येण्याजाण्यात माझ्या आजोबांचा तेलंगणातला माग बंद पडला, हे मात्र ते सांगत नसत. विलायती कापडाने पोटावर पाय दिला म्हणून वडील इथे सोलापुरात आले. इथे गिरणी होती, गिरणीचं सूत मिळायचं.

घरातल्या मागावर आईवडील लुगडी विणत. त्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ लावावी लागे. घर खुराड्याएवढं आणि ताणा गल्लीएवढा. म्हणून गल्लीच्या दोन्ही तोंडांशी खुंट ठोकून आम्ही तो रस्त्यावरच ताणायचो आणि कुंच्याने खळ लावत वाळवायचो. ओला गुंडाळला की दोरे चिकटायचे, आणि महिन्याचं काम मातीत जायचं.

एका सकाळी स्टेशनाहून गिरणीकडे निघालेली रुईच्या गाठींची बैलगाडी आमच्या ताण्यापुढे अडली. बरोबर गिरणीचा मुकादम होता.

"बाई, ताणा उचला. गिरणीचा माल हाय."

आईचं मराठी तोडकंमोडकं होतं, पण ती कुणाला भीत नसे. "खळ वली हाय. सूत बी तुमच्याच गिरणीचं हाय की. त्याच्यावरनं चाक घालताय व्हय?"

मुकादमाने बैल हाकायला सांगितले. आई कुंच्यासकट बैलांपुढे उभी राहिली. गाडीवान मोडनिंबकडचा शेतकरी होता. तो खाली उतरला आणि म्हणाला, "दुसरा कुंचा हाय का, बाई? दोगं मिळून फिरवू, लवकर वाळंल."

ताणा वाळेपर्यंत मुकादम उन्हात धुमसत राहिला.

आठवड्याभरात नगरपालिकेची माणसं आली. त्यांनी आमचे खुंट उपटले आणि त्याच जागी दोन लोखंडी खांब पुरून वर पाट्या लावल्या. आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, रस्त्यावर ताणा पसरण्यास मनाई आहे. वडील मान खाली घालून बसले. मला संतापाने रडू फुटलं. ज्या इंग्रजांच्या आगगाडीने आजोबांचं गाव उठवलं, त्यांना आता आमची गल्लीही हवी होती.

आईने डोळे पुसायला सांगितलं नाही. ती तेलुगूत म्हणाली, खांब हलवून बघ.

मी दोन्ही हलवून पाहिले. जागचे हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने ताण्याचं एक टोक या खांबाला बांधलं, दुसरं त्या खांबाला, आणि कुंचा माझ्या हातात दिला. इतका ताठ ताणा आमच्या खुंटांवर कधी बसला नव्हता.