दोनच्या भोंग्यापर्यंत

लेकीसाठी लोहाच्या गोळ्यांची पट्टी फोडली आणि गंजलेल्या खिळ्यासारखा तो वास आला. सातवा महिना लागलाय तिला. “चहा तासाभराने घे,” म्हटलं, तर तिने तोंड वाकडं केलं. अगदी माझ्यासारखं.

माझाही सातवाच होता. कोहका गावच्या सासरी दुपारी एक वाजता गोळी गिळली आणि चहाचा कप उचलला, तर सासूबाईंनी तो हातातून काढून घेतला. “गोळीवर चहा घेतला का गोळी अंगाले लागत नाही. मितानिन सांगून गेली. दोनचा भोंगा होऊ दे.” मितानिन म्हणजे घरोघरी फिरून पोटुशींना औषधं समजावणारी बाई. मला मात्र वाटलं, सासूबाईंना नुसता हुकूम गाजवायचाय. मी पाठ फिरवून बसले.

शेवटी जवळच्या कारखान्याचा, प्लांटचा, दोनचा भोंगा झाला. सासूबाईंनी चहा पुन्हा गरम करायला घेतला, तेव्हा पातेल्यात दोन कप ओतताना दिसल्या. त्यांच्याही चहावर साय धरली होती. दुपारचा चहा चुकला की डोकं धरून बसणारी ही बाई.

“आई, तुमी कावून नाही घेतला?”

“तुले वास आला असता, मन झालं असतं ना,” त्या म्हणाल्या, आणि गॅस मोठा केला.