खसचं सरबत आणि बाबांचा रेडिएटर

निवृत्त झाल्यावर बाबांनी सेकंडहँड गाडी घेतली आणि आमच्या अंबरनाथच्या घरात एक कायमचा पेशंट आला. कारखान्यात जन्मभर मशिनं सांभाळलेला माणूस, त्याला स्वस्थ बसवतंय कुठलं! रोज चहाच्या आधी बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये डोकावायचं. माझ्या दहावीच्या निकालाचीही त्यांनी एवढी चौकशी केली नव्हती.

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये त्यांचा ठरलेला सिंधी मेकॅनिक होता. त्याने दम दिला, "साईं, नल का पानी बंद करो, जाली जाम हो जाएगी. सिर्फ कूलंट डालो." आणि पिंपातलं सुट्टं, हिरवंगार कूलंट बाबांनी नेलेल्या बाटलीत भरून दिलं. बाटली कुठली, तर आईची सरबताची जुनी. आमच्याकडे रिकामी बाटली फेकणं म्हणजे पाप!

ती बाटली बाबांनी ठेवली कुठे? स्वयंपाकघरातल्या फळीवर, आईने केलेल्या खसच्या सरबताच्या शेजारी. दोन्ही काठोकाठ, दोन्ही हिरव्या. मी म्हटलं, "बाबा, निदान चिठ्ठी तरी चिकटवा."

"मला कळतं रे. तू आधी तुझं लग्न बघ."

बघतच होतो की! तीन ठिकाणांहून नकार आले होते. चौथं स्थळ बदलापूरचं. त्या मुलीचा फोटो बघून, खोटं कशाला बोलू, मी पार खल्लास झालो होतो. हेही हातचं गेलं तर काय, या विचाराने आठवडाभर जेवण जात नव्हतं.

रविवारी जायचं ठरलं. सकाळी बाबांनी फळीवरची बाटली उचलून अर्धी रेडिएटरला पाजली आणि जागच्या जागी ठेवली. निघताना आई म्हणाली, रिकाम्या हाताने कसं जायचं? एक बाटली अर्धी दिसली, म्हणजे ती ह्यांच्या गाडीची. तिने भरलेली बाटली पिशवीत घातली.

बदलापूरच्या अलीकडेच इंजिनच्या तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. आई म्हणाली, "गाडीला अत्तर लावलंत का हो?" कशीबशी गाडी मुलीच्या दारात पोचली आणि बॉनेटमधून भसाभस वाफ निघाली. वा, काय एंट्री! मला तिथल्या तिथे मातीत गडप व्हावंसं वाटलं. मुलीची आई बाहेर आली, आईने तिच्या हातात बाटली दिली, "घरचं सरबत आहे," आणि ती बाई कौतुकाने आत गेली.

बाबा रेडिएटरचं झाकण उघडायला वाकले तेवढ्यात मागून आवाज आला, "काका, हात लावू नका, भाजेल! आधी गार होऊ द्या." तीच होती. फोटोतली. साडीचा पदर खोचून, हातात पाण्याची बादली घेऊन. तिने वाकून वास घेतला, कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, "काका, ह्यात खसचं सरबत घातलंय का?"

आई किंचाळली, "अगं बाई! मग ती बाटली कसली?"

मी बुटांसकट घरात धावलो. सोफ्यावर मुलीचे वडील, हातात हिरवा ग्लास, ग्लास ओठांपाशी. नमस्कार नाही, चमत्कार नाही, मी सरळ त्यांच्या हातावर फटका मारला. त्यांचा पांढराशुभ्र झब्बा हिरवा झाला.

"पिऊ नका! ते गाडीचं आहे!"

संपलं, चौथा नकार, असं म्हणून मी मान खाली घातली. पण दारातून खुदकन हसण्याचा आवाज आला. ती बादलीसकट चौकटीला टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. होकार दुसऱ्याच दिवशी आला.

मेकॅनिकने रेडिएटर तीनदा धुतला. "साईं, इतनी चींटी मैंने मिठाई की दुकान में नहीं देखी," म्हणाला. बाबांनी त्यानंतर घरातल्या सगळ्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, खोबरेल तेलावरसुद्धा.

सासरे मात्र अजून विसरलेले नाहीत. मी चहा दिला, ताक दिलं, अगदी साधं पाणी दिलं तरी ग्लास माझ्याकडेच सरकवतात. "जावईबापू, आधी तुम्ही."

मी मुकाट्याने दोन घोट घेतो. मग ते पितात.