गडाच्या दरवाज्यापर्यंत जीप

आमचा जीपवाला दोस्त भास्कर गेल्याचा गजाननचा फोन आला, तेव्हा मी अंगणात सोयाबीनला ऊन दाखवत होतो. फोन ठेवला आणि राहिलेलं पोतंही पसरलं. नंतर गजाननकडे बसलो, तर एकेक किस्सा निघत गेला. जीपच्या तळाशी चिखल साचतो तसे हे साचतात. कोणी मुद्दाम जमवत नाही!

आमच्या मेडशी गावापासून दूर डोंगरावर एक जुना गड आहे. वर जायला नुसती दगडगोट्यांची वाट. भास्करच्या बायकोचे, सुमनवहिनींचे, गुडघे गेलेले. "तुले जीपनं दरवाज्यापर्यंत नेतो," असा त्याचा शब्द होता. म्हणून दर हिवाळ्यात आमची तिघांची प्रॅक्टिस!

चढावर जीप घसरू नये म्हणून चाकामागे दगड लावायची ड्यूटी गजाननची. एकदा भास्करनं फुल ॲक्सिलरेटर दिला, तरी जीप हलेना. उतरून पाहतो, तर दगड चाकापुढे!

"अबे, पुढं काहून लावला?"

"पुढं दरी आहे ना भाऊ! मले तिचंच भेव वाटून राह्यलं!"

रिकाम्या जीपची मागची चाकं नुसती फिरायची. म्हणून एकदा वजनाला तुरीची पोती भरत होतो. वहिनी दारातून म्हणाल्या, "पोत्यापरीस मलेच बसवा. वजन बी होते, गड बी पाहून होते!"

"आधी मले त पोचू दे!" भास्कर म्हणाला.

वाटेत शेळ्या आम्हाला ओव्हरटेक करायच्या. त्यांच्यामागच्या म्हाताऱ्यानं एकदा विचारलं, "वर काय नेऊन राह्यले?"

"काई नाई, बुवा."

"मंग रिकामी कायले चढवता?"



दरवाज्याच्या अलीकडे एक तिरपी शिळा आहे. जीप तिथं अडायची. आम्ही पायी आत जाऊन गड फिरून यायचो. भास्कर कधीच आला नाही.

"गाडी एकटी कशी सोडू?"

"तिले काय लांडगे खाते?" गजानन विचारायचा.

मागच्या हिवाळ्यात जीप ती शिळा चढली. बॉनेट थेट दगडी कमानीखाली! आम्ही अक्षरशः नाचलो.

"आता त उतर, भाऊ!"

भास्करनं इंजिन बंद केलं. कमानीकडे मान वर करून पाहिलं. मग शेजारची सीट फडक्यानं पुसली.

"आता नाई. पुढच्या हिवाळ्यात तुमच्या वहिनीसंगंच उतरीन," म्हणाला, आणि रिव्हर्स टाकला.

जीप त्याच्या अंगणात उभी आहे. वहिनींनी गड अजून पाहिलेला नाही.