खुंटीवरचा मग

अंजनाबाईला अक्षरं शिकवली ती तिच्या नवऱ्यानं. छप्पन साली दोघांनी पांढरे कपडे घालून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि त्याच हिवाळ्यात देवराव तिला पाटीवर अ-आ गिरवायला बसवू लागला. तो कापड मिलमध्ये जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम होता. बोलणं असं, की ऐकणाऱ्यानं ऐकतच राहावं. दारूला न शिवायची शपथ दोघांनी घेतली, आणि मोहल्ल्यातही कितीतरी जणांना त्यानं ती घ्यायला लावली.

त्या शपथेपायी अंजनाबाईचं माहेर तुटलं. तिची आई जिजाबाई खाप्याला कन्हान नदीच्या काठी मोहाची दारू गाळायची. विधवा बाई, दुसरं साधन नव्हतं. देवराव बायकोला आणि चार माणसांना घेऊन गेला, भट्टी मोडली, मडकी नदीत फेकली.

"या घरचं पाणीही आपल्याले नको," तो बायकोला म्हणाला.

अंजनाबाईला ते मनापासून पटलं होतं. आई दारातून "अंजे, तू तरी थांब वं," म्हणत राहिली आणि ही मागं न पाहता बसमध्ये चढली. पुन्हा गेली नाही.

पुढं चौऱ्याहत्तर साली तिचा जावई विश्वनाथ कामठी रोडवरच्या जुन्या बिअरच्या कारखान्यात कारकून लागला. गोऱ्या पलटणीसाठी बांधलेला तो कारखाना. मालकांनी त्याची जुनी शेड झाडूनपुसून लोकांना बघायला खुली केली होती. जावई काम करतो ती जागा बघावी, असं अंजनाबाईला फार वाटे. देवराव मात्र उखडला, "थ्या जागी बाईमाणसाचं काय काम?" तो मिलमध्ये असताना ती गेली.

शेडमध्ये माणूस उभा मावेल एवढी तांब्याची भांडी होती, लाकडी पिंपं होती, भिंतीवर मिशाळ साहेबांचे फोटो. आंबूस वास अजून लाकडात मुरलेला. शेडच्या टोकाला एक दार होतं.

"थो जुना बार आहे, मामी," विश्वनाथ म्हणाला. सासूला तो मामी म्हणे. "तिथं काही नाही पाह्यण्यासारखं. चला, चहा घेऊ."

पण ती आत शिरली होती. सागवानी काउंटर, त्यामागं बार सांभाळणारा म्हातारा भैयाजी भांडी पुसत उभा. वर खुंट्यांवर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे पितळी मग टांगलेले, प्रत्येकावर नाव कोरलेलं. अंजनाबाई सवयीनं एकेक नाव वाचत गेली. एका मगापाशी थांबली. नाव पुन्हा वाचलं, आडनावासकट.

"हा कोणाचा?"

"मिलवाल्या देवरावजीचा," भैयाजी कौतुकानं म्हणाला. "आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दर शनिवारी येतेत."

शनिवारी देवरावची युनियनची मीटिंग असे. ती जेवायची थांबे.

तिनं विश्वनाथकडं पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती.

"तुम्हाले माहीत होतं, जावईबापू?"

"मामाजीनं सांगू नका म्हटलं होतं."

ती घरी गेलीच नाही. तशीच बसस्टँडवर जाऊन खाप्याच्या गाडीत बसली. जिजाबाई नदीच्या वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेलांना पाणी घालत होती. वाकून गेलेली, पण लेकीला तिनं चालीवरून ओळखलं. अंजनाबाई वाळूतच बसली आणि रडत रडत सगळं सांगून मोकळी झाली.

जिजाबाईनं हातातलं भांडं वाळूत ठेवलं.

"भट्टी मोडली ना, त्याच्या आदल्या दिवशी माह्याच ओसरीवर बसून पिऊन गेलता थो," ती म्हणाली.

"मग तवा बोलली काहून नाही तू?"

"तुहा संसार होता. मोडला असता तर तू मलेच बोल लावला असता."

अंजनाबाईचे डोळे कोरडे झाले. नवऱ्यानं फसवलं, जावयानं लपवलं. आणि आईनंही तिला कळू दिलं नव्हतं. आता भांडायचं तरी कोणाशी?

चौथ्या दिवशी देवराव न्यायला आला. वाळूत उभा राहून तो पुष्कळ बोलला, तसाच गोड. ती वेलांना पाणी घालत राहिली.

"तुमची शपथ तुमच्यापाशी," ती शेवटी म्हणाली. "मी माही पाळली. अन् तिच्यापायी मायले टाकलं."

त्या उन्हाळ्यात खाप्याच्या बाजारात मायलेकी दोघी डांगरं विकायला बसू लागल्या.