शंका शून्य

परतूरला आमच्या शेजारी गणिताचे एक सर आणि त्यांची माय, दोघंच राहायची. सरांचा मला वैताग यायचा. आज नळ येईल का, एवढं विचारलं तरी तीन बोटं उघडत सांगायचे, "खरं साठ, खोटं पन्नास, न कळणारं तीस."

"सर, बेरीज शंभरावर गेली."

"जाऊ द्या. पाणी सोडणारा येईल म्हणतो, टाकी तर कोरडी दिसून राह्यली. नव्या तर्कशास्त्रात तिन्ही सुटे मोजतात. खरं वाढलं म्हणून खोटं कमी होत न्हाई."

पुढं माय वारली. मी स्वतः खांदा दिला. महिन्याभरानं सकाळी कॉलेजला निघताना सरांनी दार ओढलं आणि रोजच्यासारखं आत सांगितलं, "माय, कडी लावून घे."

मी हळूच म्हणालो, "सर, माय तर गेल्या ना?"

"गेली. खरं शंभर." चपला घालत ते म्हणाले, "खोटं शंभर."

"अन् न कळणारं?"

"शून्य. मला बिलकुल शंका न्हाई."

ते कोपऱ्यावर वळेपर्यंत मी थांबलो. मंग दार ढकलून पाहिलं. आतून कडी होती.