पत्त्यातला नंबर

लातूरला मी एका दवाखान्याची वेबसाइट बनवून राहिलो होतो. एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना पेशंटचा नंबर ब्राउझरच्या वरच्या पत्त्यातच दिसायचा. ऑफिसातले सर म्हणले, "नंबर बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट उघडून राहिला. तू माझा आवाज काढून फसवतोस तसंच हाय हे. सर्व्हर फसतो."

मग मी नंबर सर्व्हरवरच ठेवला अन् पानासोबत नंबराऐवजी कुणाला अंदाज न लागणारी खूण पाठवली. जमलं, पण रूमवर सांगायला कुणीच नव्हतं. मुखेडला आईला फोन लावला. तिला मी रोज कुणाची तरी नक्कल करून हसवतो.

"आई, इथं लई एकटं वाटतं."

आई हसली. "आता कोनाची नक्कल करून राहिलास रं?"

"हाय इथला एक पोरगा."

"खरंच वाटलं बग मला," ती म्हणली.