सहाचा पहारा

काठी मीनाबाईच्या मनगटावर बसली आणि हातातली परात निसटून पीठ घरभर झालं. दुसरा फटका खांद्यावर. तिसरा तिनं चुकवला, तो फ्रिजच्या दाराला पोचा पाडून गेला. "थम. कौन आता है?" धर्मपाल ओरडत होता. एकोणचाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिलाच विचारत होता.

धर्मपाल फौजेतला निवृत्त हवालदार. जुळे सोलापूर भागात त्यानं हौसेनं घर बांधलं आणि चार वर्षांपूर्वी त्याला स्मृतिभ्रंशानं गाठलं. नातवाचं नाव गेलं, घरचा रस्ता गेला, दंडातला जोर तेवढा गेला नाही. मेल्या आजाराला काय न्यावं तेही कळलं नाही.

मीनाबाई मार खाऊन गप्प राहायची. हाडाच्या डॉक्टरला सांगायची, न्हाणीत पडले. डोळ्यांच्या डॉक्टरला, कपाटाचं दार लागलं. आणि धर्मपालच्या डॉक्टरला, "तसं शांत हायत की." तीन ठिकाणच्या तीन थापा ध्यानात ठेवायच्या म्हणजे खायचं काम नाही. पण करते काय? मुलानं, सुमितनं, बजावलं होतं की आता एक जरी जखम दिसली, तर बाबा संस्थेत जाणार. संस्थेत खाटेला बांधतात, असं तिच्या कानावर आलं होतं. या माणसाला बांधलेलं तिला बघवलं नसतं.

यंदा माजी सैनिकांच्या दवाखान्यात नवी पद्धत आली. अशा पेशंटचे सगळे डॉक्टर एकाच बुधवारी, आणि सांभाळणाऱ्या माणसाचाही वेगळा केसपेपर. हे सगळं जुळवायला शगुफ्ता नावाची सिस्टर. तिनं नवराबायकोचे कागद शेजारी शेजारी ठेवले, जखमांच्या वेळा पाहिल्या आणि मीनाबाईची बाही वर सारली. मनगट काळंनिळं झालेलं.

"न्हाणी, कपाट," शगुफ्ता म्हणाली. "सगळं संध्याकाळी सहालाच कसं हो, मावशी?"

मीनाबाईचा बांध फुटला. "सहाला काठी घिऊन दारात उबं ऱ्हात्यात. कुणाला लागंल म्हून मी काडून घ्याया जाते. सुमितला सांगू नगा, बाई."

शेजारच्या बाकावर सिद्रामप्पा होता. तोही जुना फौजी, आपल्या भावाला घेऊन आलेला. त्यानं कपाळाला हात लावला. "वहिनी, पहाऱ्यावरच्या जवानाचं हत्यार हिसकता व्हय? जीव गेला तरी सोडत न्हाय तो. बदलीचा जवान आला की त्यालाच देतो."

शगुफ्तानं डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घेतली. मग मीनाबाई नको नको म्हणत असताना सुमितला फोन लावला आणि सगळं खरं सांगितलं. सुमित संतापला. संध्याकाळी मी स्वतः येतो, म्हणाला, आणि उद्या बाबांना संस्थेत पोचवतो.

सहा वाजले. धर्मपाल काठी घेऊन दारात उभा राहिला. सुमित स्वयंपाकघराच्या दाराआड, झेप घ्यायच्या तयारीत. मीनाबाई अंगणातून आली, समोरून, हात दिसतील असे धरून.

"थम." काठी सणसणत आली आणि चौकटीवर बसली. लाकडाचा टवका तिच्या गालात घुसला. सुमित पुढे सरसावला. तिनं डोळ्यांनीच त्याला थोपवलं. रक्त हनुवटीवरून लुगड्यावर ठिबकत होतं आणि तिला भयंकर भीती वाटत होती. काठी पुन्हा वर गेली, या वेळी नेमकी डोक्यावर.

सिद्रामप्पानं शिकवलं होतं तशी ती टाचा जुळवून उभी राहिली. "बदली आयी है, हवालदार साब."

काठी वरच थांबली. धर्मपालनं तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"बोलण्यावरनं सोलापूरचा दिसतोस."

"व्हय, साब."

त्यानं काठी खाली घेतली, दोन्ही हातांनी आडवी धरली आणि तिच्या हातात दिली. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "डोळ्यात तेल घालून बघ. आत माझी बायकू एकटी हाय."

"बघते, साब," मीनाबाई म्हणाली, आणि काठी घेऊन दारात उभी राहिली.